आजीच्याच शहरात, पण फी भरून

पत्राचा गोषवारा: ओहायोत बावीस वर्षे राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांची वीस वर्षांची मुलगी तिथल्या एका सरकारी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकते, पुढे डॉक्टर व्हायचे तिच्या मनात आहे, आणि पहिल्या वर्षापासून ती विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात आहे. या कॉलेजाने यंदा प्रवासावर आधारलेला एक अभ्यासक्रम जाहीर केला आहे. त्यात ऑगस्टपासून आठवड्याला एक सेमिनार, मग हिवाळ्याच्या सुट्टीत १७ दिवस मुंबई आणि परतल्यावर एक लेखी प्रकल्प आहे. क्रेडिट तीन, फी ४,६०० डॉलर, विमानभाडे वेगळे. आईंचे म्हणणे असे, की मुलगी आजवर नऊ वेळा मुंबईला येऊन गेली आहे, डोंबिवलीत तिच्या आजीचे घर आहे, मराठी तिला चांगले बोलता येते. मग आपल्याच शहरात जायला एवढे पैसे का मोजायचे? वडिलांच्या मते तिने ही सुट्टी हॉस्पिटलात डॉक्टरांबरोबर राहून काम पाहण्यात, म्हणजे शॅडोइंगमध्ये घालवावी. धाकट्याचे कॉलेज दोन वर्षांवर आले आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, नात मुंबईत येऊन हॉटेलात उतरणार हे ऐकून रुसल्या आहेत. मुलगी मात्र अर्ज भरून मोकळी झाली आहे. ‘मला मुंबई माहीतच नाही’ असे ती म्हणाली, ते आईंच्या मनाला लागले आहे. ‘मग इतकी वर्षे आम्ही तिला दाखवले काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर तुम्हीच पत्रात मोठ्या मायेने लिहून ठेवले आहे. नऊ खेपांत मुलीने काय काय पाहिले? विमानतळावरून पहाटे थेट डोंबिवली, मग पार्ल्याची मावशी, ठाण्याचे काका, तीन लग्ने, एक मुंज, सिद्धिविनायक, दादरची खरेदी आणि उकाड्याने जीव नकोसा झाला की लोअर परळचा मॉल. यात काही चुकले असे मला मुळीच वाटत नाही. वर्षभराची रजा साठवून तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या कुटुंबाला माणसे भेटायची असतात, आणि ती भेटलीच पाहिजेत. पण मुलीच्या जागी बसून पाहा. तिला मुंबईतली पंधरा घरे आतून माहीत आहेत आणि त्या घरांच्या मधले सगळे शहर तिने गाडीच्या काचेतून पाहिले आहे. ‘माहीत नाही’ हे तिने तुमच्यावर ठेवलेले बोट नाही, तिने स्वतःच्या अज्ञानाची केलेली नोंद आहे, आणि विसाव्या वर्षी अशी नोंद करता येणे मला तरी कौतुकाचे वाटते.

त्या मॉलचेच घ्या. ती जागा फिनिक्स मिलची. गिरणीची उंच चिमणी अजून त्या आवारात उभी आहे. तुम्ही पत्रात ओघाने एक वाक्य लिहून पुढे गेला आहात, की मुलीचे आजोबा परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते आणि संपात त्यांची नोकरी गेली. तो संप १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बंद आणि आजारी गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामाची वाट मोकळी केली, २००१ मध्ये तो नियम आणखी सैल झाला, आणि भोंग्यावर चालणाऱ्या गिरणगावात काचेच्या इमारती उठल्या. ज्या मॉलमध्ये तुमच्या मुलीने आइस्क्रीम खाल्ले आणि ज्या भोंग्यामुळे तिच्या आजोबांच्या घराची घडी बसली नि मोडली, त्या दोन गोष्टी एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, हे तिला कोणी जोडून दाखवले असेल असे वाटत नाही. घरात असे बोलणे निघत नाही. निघाले तरी ‘जाऊ दे, जुने झाले ते’ असे म्हणून कोणीतरी चहा टाकायला उठते.

आता या अभ्यासक्रमांविषयी, कारण महाराष्ट्रातल्या वाचकांना ‘ऑनर्स’ या शब्दाने थोडा चकवा बसेल. आपल्याकडे ऑनर्स म्हणजे एका विषयात खोलवर नेणारी पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथ्या वर्षाची पदवी असाही तिचा अर्थ झाला आहे. अमेरिकेत ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटात असलेले एक छोटे कॉलेज. विद्यार्थी निवडक, सेमिनारला पंधरा-वीस जण, आणि शेवटच्या वर्षी बहुधा प्रबंध. ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून ही चाल तिकडे रुजली. पुढे १९६६ मध्ये अशा कॉलेजांची नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही संघटना झाली. १९७० च्या दशकापासून याच संघटनेच्या वर्तुळात ‘सिटी अॅज टेक्स्ट’, म्हणजे शहर हेच पाठ्यपुस्तक, ही पद्धत वाढली. लाँग आयलंड विद्यापीठाच्या बर्निस ब्रेड यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. ऑनर्सचे सगळेच प्रवासी कोर्स याच साच्यातले असतात असे नाही, पण त्यांतल्या चांगल्या कोर्सांवर या पद्धतीची छाप दिसते.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. तिघा-चौघांचा गट करायचा, त्यांना एखाद्या वस्तीत चार-पाच तास सोडायचे आणि बरोबर गाइड द्यायचा नाही. त्यांनी त्या भागाचा नकाशा स्वतः काढायचा, निरखायचे, लोकांचे ऐकायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून, जे पाहिले त्यावर आणि आपण ते कोणत्या नजरेने पाहिले त्यावरही, विचार करून लिहायचे. समजा, पहाटे साडेपाचला हा गट ससून डॉकवर उभा आहे. १८७५ मध्ये हा धक्का बांधला, हे पुस्तकात मिळते. लिलाव कोण पुकारतो आणि बोली कोण लावतो, कोळंबी सोलायला बसलेल्या बायका कोणत्या लोकलने आल्या, त्यांना पैसे वजनावर मिळतात की रोजावर, बर्फ कुठून येतो, फोटो काढायला कोण मनाई करते आणि का, हे तिथे ओल्या फरशीवर तास-दोन तास उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या मुलीने नऊ खेपांत सुरमई खाल्ली असेलच. ती सुरमई ताटात कशी येते, हा या अभ्यासक्रमाचा विषय.

मी हे ठामपणे सांगते, कारण उलट प्रकार मी स्वतः करून बसले आहे. कॉलेजात असताना आमची शैक्षणिक सहल अजिंठ्याला गेली होती. एसटीची गाडी, पुरीभाजी, अंताक्षरी. लेण्यांत पोहोचल्यावर आम्ही फलकांवरचा मजकूर वहीत भराभर उतरवून घेतला, कारण अहवालाला दहा गुण होते. चित्रे आम्ही पाहिली ती वहीवरून मान वर केली तेवढीच. गुण मात्र पूर्ण मिळाले.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न मी थोडा बदलू इच्छिते. विमान कोठे उतरणार हे बाजूला ठेवा आणि मुलीकडून अभ्यासक्रमाचा दिवसवार आराखडा मागून घ्या. ऑगस्टच्या सेमिनारची वाचनयादीही मागा. सतरा दिवसांत आग्रा, जयपूर, एक दिवस बॉलिवूड नृत्याची कार्यशाळा आणि उरलेल्या वेळात ‘मुंबई दर्शन’ असे असेल, तर तुमचे यजमान म्हणतात ते बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे. उलट एकाच शहरात मुक्काम, एकाच भागात दोन-तीनदा जाणे, रोज संध्याकाळी चर्चा आणि लेखनाला राखून ठेवलेला वेळ असे दिसले, तर कोर्स विचार करून बांधला आहे असे समजा. धारावी असेल तर तिथे काय करणार, हे नक्की विचारा. दोन तासांत गल्ल्यांतून रांगेने फिरवून आणणे आणि तिथल्याच एखाद्या संस्थेने आधी बोलावून, कोणाला काय विचारायचे हे ठरवून घेतलेली भेट, यांत फार अंतर आहे. पहिल्या प्रकारात प्रदर्शन लोकांच्या गरिबीचे होते आणि शिकत कोणीच नाही. शिकवणारे प्राध्यापक या शहरात पूर्वी राहिले आहेत का, त्यांच्याबरोबर इथले कोणी शिकवणार आहे का, हेही विचारण्यात संकोच नको. फी तुम्ही भरणार आहात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण तिची मला पैशांपेक्षा जास्त काळजी वाटते. गटात मराठी येणारी बहुधा तुमची मुलगी एकटीच असेल. पहिल्या दिवशी रिक्षावाल्याशी बोलायला तिला पुढे करतील, दुसऱ्या दिवशी कोळणीशी, आणि चौथ्या दिवसापर्यंत ती गटाची बिनपगारी दुभाषी झालेली असेल. त्याहून अवघड म्हणजे ‘तुमच्याकडे असे का असते?’ या प्रश्नाची उत्तरे तिच्याकडून अपेक्षित धरली जातील; तिला ती माहीत नाहीत, आणि माहीत नाहीत म्हणूनच तर ती आली आहे. जो स्वतः शिकायला आला, त्याच्यावर शिकवण्याचे ओझे पडले की शिकणे राहून जाते. ऑगस्टमध्येच तिने प्राध्यापकांशी हे स्पष्ट बोलावे. दुभाषी लागणार असेल तर तो वेगळा नेमला जावा, आणि मुलगी बोलली तर ती तिच्या मर्जीने बोलावी. दुसऱ्या बाजूने, तिच्या कानांना जे ऐकू येईल ते गटातल्या कोणाला ऐकू येणार नाही. धक्क्यावरची बाई परदेशी मुलांकडे पाहून शेजारणीला काय म्हणाली, हे फक्त तिला कळेल. तिच्या प्रकल्पाचा विषय कदाचित तिथेच सापडेल.

पैशांचे पाहू. ४,६०० डॉलरमध्ये तीन क्रेडिटचे शिक्षणशुल्क धरले आहे की ते वेगळे लागणार, हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी ते वेगळे असते आणि मग एकूण आकडा पाहून घरात वादळ होते. डिपॉझिट कोणत्या तारखेनंतर परत मिळत नाही, हेही लिहून घ्या. विद्यापीठ स्वतः क्रेडिट देत असेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा कर्ज अशा अभ्यासक्रमालाही लागू करता येते. मुलांच्या शिक्षणासाठी करसवलतीत बचत करायच्या ५२९ खात्यातून शिक्षणशुल्क भरता येते, विमानभाडे मात्र त्यात बसत नाही. ज्यांच्या मुलांना पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी मदत मिळते, त्यांनी परदेशातल्या शिक्षणासाठीच्या गिलमन शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करावी. ती अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. बहुतेक ऑनर्स कॉलेजांकडे प्रवासासाठी स्वतःचाही थोडा निधी असतो, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. एवढे सगळे करूनही ही रक्कम कर्ज काढून किंवा धाकट्याच्या पैशांना हात लावून उभी करावी लागणार असेल, तर मी ‘नको’ म्हणेन. असा कोर्स चांगला असू शकतो, अनिवार्य नसतो. त्या परिस्थितीत मुलीने सेमिनारमधले वाचन मिळवावे आणि पुढच्या घरच्या खेपेत आठवडाभर एकटीने हे शहर पायी पाहावे. त्यातूनही निम्मे तरी हाती लागेल.

यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही. वैद्यकीय प्रवेशासाठी हॉस्पिटलात काढलेले तास लागतात. पण ते याच सतरा दिवसांत निघाले पाहिजेत असे नाही. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला चार तास आणि पुढच्या उन्हाळ्यात सलग, असेही ते होतात. मुलाखतीत जेव्हा विचारतील, की तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीतल्या माणसाचे तुम्ही कधी नीट ऐकून घेतले आहे का, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखे काही असलेले बरे. अर्थात केवळ मुलाखतीत सांगता यावे म्हणून ती जात असेल तर जाऊ नये. हे तुम्ही तिला सरळ विचारा: अर्ज करताना तिने कारण काय लिहिले? अर्जातला तो मजकूर तुम्हाला वाचायला दे म्हणावे. मला वाटते, तुमच्या मनाला लागलेले ते वाक्य त्यात सविस्तर सापडेल.

कागदपत्रांत दोन गोष्टी चुकवू नका. मुलीला वीस वर्षे पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट मिळाला असेल, तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते कार्ड, एकदा पुन्हा काढून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो. दुसरे, ओसीआयधारकांना भारतात संशोधन करायचे असेल तर विशेष परवानगी घ्यावी लागते; वर्गाचा प्रकल्प त्यात मोडतो की नाही, हे विद्यापीठाच्या परदेश-अभ्यास कार्यालयाकडून लेखी घ्या, ‘आपलेच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. हीच सवय आरोग्याच्या बाबतीतही आडवी येते. गटातली बाकीची मुले ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये जाऊन विषमज्वराची लस घेतील, मलेरियाच्या गोळ्यांविषयी विचारतील, आणि तुमची मुलगी ‘मी तर आजीकडे नेहमी जाते’ म्हणून हसेल. अमेरिकेत विषमज्वराचे जे रुग्ण आढळतात, त्यांत नातेवाइकांना भेटून आलेल्यांचा वाटा मोठा असतो. कारण घरी जाणारा माणूस प्रवासी असल्याचे स्वतःलाच सांगत नाही. लसीचे इंजेक्शन निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घेतलेले असावे.

महाराष्ट्रातल्या पालकांचीही अशी पत्रे अलीकडे येऊ लागली आहेत, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडून घेणारे काम यांना क्रेडिट आहेत आणि कॉलेजे त्यासाठी सहली काढू लागली आहेत. त्यांनाही माझे सांगणे हेच: दिवसवार आराखडा मागा, मुक्काम किती जागी आहे ते पाहा, आणि सहलीआधी मुलांना काय वाचायला दिले ते विचारा. वाचायला काहीच दिले नसेल तर ती सहल आहे, आणि सहलीचे पैसे सहलीच्याच हिशेबाने द्यावेत.

राहिल्या सासूबाई. त्यांचे दुःख खरे आहे आणि ते ‘कोर्सचा नियम आहे’ एवढे सांगून जाणार नाही. गटाबरोबरच राहावे लागणार, हे मान्य करावे. संध्याकाळची चर्चा सोडून रोज डोंबिवलीची लोकल पकडणारी विद्यार्थिनी दोन्हीकडे अर्धी राहील. पण नातीने आजीला पाहुणचार करणारी म्हणून भेटण्याऐवजी एकदा माहीतगार म्हणून भेटावे, असे मला सुचते. सेमिनार सुरू झाला की तिने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास आजीशी गिरणगावाविषयी बोलावे: आजोबांची पाळी कितीची असायची, डबा कोण पोहोचवायचे, संपाच्या त्या वर्षात घर कशावर चालले, परळ सोडून डोंबिवलीला कधी आणि का आलात. आजींना याआधी हे कोणी विचारले असेल असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. प्राध्यापकांनी होकार दिला तर एका मोकळ्या दिवशी गटातल्या दोघीतिघींना घेऊन नात डोंबिवलीला जेवायला येऊ शकते. आजींना ती तयारी आठवडाभर पुरेल, रुसायला सवड मिळणार नाही.

कोर्स जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो असे तुम्ही लिहिले आहे. तिचे पुढचे सेमिस्टर कधी सुरू होते ते पाहून परतीचे तिकीट चार-पाच दिवस पुढचे काढता येते का, हे आत्ताच तपासा, कारण गटाचे तिकीट एकदा निघाले की तारीख बदलायला वेगळे पैसे पडतात. मधल्या त्या दिवसांत संक्रांत आहे. तिळगूळ करायला आजींना कोणीतरी हाताशी लागेलच.